चाळीस किलो कांदा कोठे गेला?

दर वर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला की मराठीच्या भवितव्याविषयी बोलण्याची आपल्याकडे एक रीत आहे. नाशिक हे कुसुमाग्रजांचे गाव. त्यामुळे येथे ती जरा अधिक निष्ठेने पाळली जाते. विषय ठरलेले असतात: दुकानांच्या पाट्या, ओस पडणाऱ्या मराठी शाळा, इंग्रजीचे आक्रमण, न वाचणारी तरुण पिढी. टाळ्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. आम्हीही अशा व्यासपीठांवर बसलेलो आहोत आणि त्या टाळ्या घेतलेल्या आहेत. तेव्हा पुढे जे लिहिणार आहोत त्याचा पहिला आरोपी आम्हीच आहोत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एक प्रसंग सांगतो. निफाड तालुक्यातून रोज एसटीने ये-जा करणारा, मराठी विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्याला कवितेतली एखादी अडलेली ओळ विचारायची असेल असे आम्हांस वाटले. त्याने पिशवीतून एक जाडजूड, कोणीतरी आधी वापरलेले इंग्रजी पुस्तक काढले. मोबाइल फोनसाठी ॲप कसे तयार करावे हे अगदी नवशिक्यांना शिकवणारे. तिसऱ्या प्रकरणात एका वाक्याखाली पेन्सिलीने तीनदा रेघ मारलेली होती. "सर, तेवढं एक वाक्य सांगता का?"

वाक्य लांबलचक होते. दोन गौण उपवाक्ये, कर्मणी प्रयोग, मध्ये एक कंस. आम्ही ते व्याकरणदृष्ट्या सोडवले. कर्ता दाखवला, क्रियापद दाखवले, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. सांगून झाल्यावर लक्षात आले की आम्हांस काहीही कळलेले नाही. त्यालाही कळले नव्हते. पण त्याच्याजवळ आमच्याजवळ नसलेली एक गोष्ट होती. त्याने फोन काढला. पडद्यावर एक बटण आणि एक आकडा. बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. हे त्याने स्वतः तयार केलेले. सात वेळा दाबून त्याने आकडा सातावर नेला, मग फोन आडवा केला. आकडा शून्य झाला. "हे असं का होतं, ते त्या वाक्यात आहे," तो म्हणाला.

अर्धा तास आम्ही दोघे त्या वाक्यावर बसलो. त्याला फोन ठाऊक होता, आम्हांला इंग्रजी. शेवटी हाती लागले ते असे: फोन आडवा केला की त्या पडद्याचा कारभार पाहणारा जुना कारभारी रजा घेतो आणि त्याच्या जागी अगदी नवा कारभारी येतो. नव्याला मागचे काहीच ठाऊक नसते. तो पहिल्यापासून, म्हणजे शून्यापासून, सुरुवात करतो. जुन्याने जाताना आवश्यक त्या गोष्टी बांधून ठेवल्या तरच नव्याला त्या उघडून पाहता येतात. "म्हणजे गाठोडंच की!" तो एकदम म्हणाला, आणि पुस्तकाची चार पाने उलटून त्याने एका शब्दावर बोट ठेवले. अँड्रॉइडमध्ये या बांधून ठेवण्याच्या वस्तूचे नाव खरोखरच 'बंडल' असे आहे.

त्याचा प्रश्न सुटला. आमचा त्या दिवसापासून सुरू झाला.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रोग्रामिंगचे पहिले पुस्तक मराठीत लिहिणे हे संगणकशास्त्राचे काम आहे असे आपण मानत आलो; ते तितकेच, किंबहुना अधिक, मराठीचे काम आहे. ते काम आपण केलेले नाही. आणि ते न करता मराठीच्या भवितव्याविषयी चिंता वाहणे हे, स्पष्टच बोलायचे तर, ढोंग आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. संगणकाची भाषाच मुळी इंग्रजी. तेथे मराठीचा हट्ट कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी प्रोग्रामिंगच्या भाषेत इंग्रजी नेमके किती असते हे एकदा मोजावे. सी या भाषेच्या १९८९ च्या प्रमाण रूपात राखीव शब्द आहेत ३२. जावात साधारण पन्नास. हे शब्द पाठ करायला आमच्या विद्यार्थ्याला एक दुपार पुरली. इंग्रजी अडते ते या बत्तीस-पन्नास शब्दांत नव्हे, तर त्यांचे स्पष्टीकरण करणाऱ्या सहाशे पानांत. ती सहाशे पाने संगणकासाठी लिहिलेली नसतात. ती माणसासाठी लिहिलेली असतात. संगणक ती वाचत नाही. ती इंग्रजीतच असली पाहिजेत असा संगणकाचा कोणताही आग्रह नाही. तो आग्रह आपला आहे.

जपानचे उदाहरण पाहा. रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली जगापुढे ठेवली. तिचे राखीव शब्द इंग्रजीच आहेत. परंतु पहिली काही वर्षे तिच्याविषयीची चर्चा आणि लेखन बहुतांशी जपानीत होत होते; इंग्रजीतले तिचे पहिले मोठे पुस्तक आले ते २००० साली. म्हणजे शब्द इंग्रजी आणि समजावणी जपानी, अशी सरळ वाटणी तेथे झाली आणि कोणाचे काही बिघडले नाही. आपल्याकडे भारतभरच्या विद्यार्थ्यांनी ज्या पुस्तकावरून सी भाषा गिरवली ते 'लेट अस सी' लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे. त्यांनी इंग्रजीत लिहिले याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. देशभरचा वाचक समोर ठेवून त्यांनी लिहिले. दोष द्यायचा तर तो या गोष्टीला, की इतके लख्ख समजावून सांगणारा माणूस महाराष्ट्रात असताना त्या तोडीचे पहिले पुस्तक मराठीत असावे अशी मागणी मराठीच्या कोणत्याही व्यासपीठावरून झाल्याचे आमच्या कानांवर आले नाही.

आता केवळ भाषेचा नव्हे, आशयाचा प्रश्न घेऊ. नवशिक्याला मोबाइल ॲप शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि पाठ्यक्रमांत एक उदाहरण हटकून येते: टिप मोजण्याचे. खुद्द गूगलच्या प्राथमिक पाठ्यक्रमात ते आहे. उपाहारगृहाचे बिल अमुक, सेवा उत्तम असेल तर वीस टक्के, बरी असेल तर अठरा, चालण्याजोगी असेल तर पंधरा. तर टिप किती? अमेरिकन मुलाला हे उदाहरण ओळखीचे. आमच्या विद्यार्थ्याला आधी अमेरिकेतील वेटरच्या वेतनाची रीत समजून घ्यावी लागली, मग टक्केवारी, मग आज्ञावली. त्याने ते केलेही. पण उत्तर बरोबर आले की चूक हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नव्हते. अठरा टक्के टिप त्याने आयुष्यात कोणाला दिली नव्हती. आम्हीही दिलेली नाही.

आम्ही त्याला म्हटले, हे सोड. तुझ्या घरच्या कांद्याची हिशेबपट्टी कर. लासलगावच्या बाजारात भाव क्विंटलवर निघतो, वजन काट्यावर किलोत येते, आणि रकमेतून हमाली-तोलाई अशा बाबी वजा होतात. घरात ज्याने अशी पट्टी हातात धरलेली आहे त्याला हे शिकवावे लागत नाही. समजा, माल भरला १८४० किलो आणि भाव निघाला क्विंटलला १६५० रुपये. त्याने आज्ञावली लिहिली: किलोला शंभराने भाग, येणाऱ्या क्विंटलांना भावाने गुण. बटण दाबले. उत्तर आले २९,७०० रुपये.

तो पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, चाळीस किलो कुठं गेला?"

वाचकहो, या एका प्रश्नात नवशिक्यांच्या पुस्तकाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. जावा किंवा कोटलिन या भाषांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच येते. उरलेला अपूर्णांक गोल होत नाही, सरळ टाकून दिला जातो. १८४० भागिले १०० म्हणजे १८. वरचे चाळीस किलो, १६५० च्या भावाने ६६० रुपये, कोणतीही सूचना न देता नाहीसे. रक्कम हवी होती ३०,३६०. इंग्रजी पुस्तकात ही गोष्ट दिलेली होती, एका चौकटीत, दोन ओळींत. त्याने ती वाचलीही होती. पण तेथे जे हरवत होते ते कोणत्यातरी डॉलरचे काही सेंट होते. येथे हरवले ते बापाचे सहाशे साठ रुपये. पूर्णांक आणि दशांश यांतला फरक तो आता जन्मात विसरणार नाही.

उदाहरण ही शोभेची वस्तू नसते, उदाहरण हाच पुरावा असतो, हे साहित्याच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. दृष्टान्ताचा एवढा मोठा वारसा मिरवणाऱ्या भाषेत दृष्टान्त उसना का आणावा लागतो, याचे उत्तर मात्र आपण दिले पाहिजे.

दुसरा आक्षेप परिभाषेचा. मराठीत शब्द कोठे आहेत, असा तो असतो. या प्रश्नावर आपण दोन पिढ्या खर्ची घातल्या. राज्याचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले. त्याने कोशांमागून कोश काढले. त्या परिश्रमांबद्दल आम्हांस आदर आहे. पण शब्द म्हणजे समजावणी नव्हे. 'व्हेरिएबल'ला 'चल' म्हटल्याने व्हेरिएबल समजत नाही. तसे ते 'व्हेरिएबल' म्हटल्यानेही समजत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला चल, बैजिक राशी, समीकरण हे शब्द शाळेपासून ठाऊक आहेत, आणि गंमत अशी की त्याची पहिली अडचण नेमकी तेथेच उभी राहते. आज्ञावलीत त्याला दिसते: क्ष बरोबर क्ष अधिक एक. बीजगणित शिकलेला मुलगा म्हणणार, हे अशक्य आहे. दोन्ही बाजूंनी क्ष गेला की शून्य बरोबर एक. तो चूक नाही. त्याला कोणीतरी हे सांगायला हवे की हे चिन्ह येथे 'बरोबर आहे' असे विधान करीत नाही. ते 'ठेव' अशी आज्ञा करते. उजवीकडचे आधी मोज, मग ते डावीकडच्या डब्यात ठेव. गणितात वाक्य विध्यर्थी असते, येथे ते आज्ञार्थी आहे.

पाहा, अडचण व्याकरणाची निघाली. क्रियापदाच्या अर्थाची निघाली. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ आपण वर्गात शिकवीत आहोत. ...आणि येथे आमची जीभ अडखळली, हेही कबूल केले पाहिजे: वर आम्ही 'विध्यर्थी' म्हटले, ते चूक आहे, नुसते विधान करणारे क्रियापद स्वार्थी असते. विद्यार्थ्यासमोरही आमची हीच चूक झाली होती आणि ती त्याने दुरुस्त केली. जुन्या व्याकरणाची उजळणी करण्याचा असा प्रसंग आमच्यावर कित्येक वर्षांत आला नव्हता. 'जर-तर-नाहीतर' या जोडीने प्रोग्रामिंगचा निम्मा डोलारा उभा असतो, आणि मराठीत हे शब्द जोडीनेच येतात. 'आज्ञावली' हा शब्द ज्याने कोणी घडवला त्याला हे सारे दिसलेले असणार.

म्हणून शुद्धिवादी आणि शरणागत या दोघांशीही आमचे भांडण आहे. एक म्हणतो, आधी प्रत्येक संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द हवा. दुसरा म्हणतो, शब्दच नाहीत तर सगळे इंग्रजीत असू द्या. दोघांचीही समजूत एकच, की भाषा म्हणजे शब्दांची यादी. ॲप, फोन, फाइल, बटण हे शब्द खुशाल राहू द्यावेत. ते आता लासलगावच्या ओट्यावरही मराठीच आहेत. लढाई वाक्याची आहे. एका कल्पनेतून दुसरी कल्पना कशी निघते, वाचक कोठे अडखळेल, तेथे आधी काय सांगून ठेवायला हवे, हे ज्याला कळते त्याला आपण गद्यलेखक म्हणतो.

असे गद्य मराठीला नवे आहे काय? मुळीच नाही. लंडनमध्ये जेन मार्सेट या बाईंनी १८०६ साली रसायनशास्त्रावर एक पुस्तक काढले. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादांचे. शास्त्राचे औपचारिक शिक्षण ज्यांना मिळत नव्हते त्यांच्यासाठी. ते पुस्तक एका बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोराच्या हाती पडले. त्याचे नाव मायकेल फॅरडे. रसायनशास्त्राकडे आपण वळलो ते त्या पुस्तकामुळे, असे त्याने पुढे कृतज्ञतेने सांगितले. आणि याच मार्सेटबाईंच्या संवादग्रंथांची वाट आमच्या हरी केशवजी पाठारे यांनी मराठीत आणली; अर्थशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या साह्याने 'देशव्यवहारव्यवस्था' या नावाने १८५४ साली प्रसिद्ध झाला. आमचे नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. म्हणजे त्या पिढीच्या डोळ्यांसमोर वाचनालय आणि अशी पुस्तके एकाच वेळी उभी राहत होती.

पुढेही हा धागा तुटला नाही. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालची. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. भातखंड्यांनी १९१० पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' लिहिली ती मराठीत आणि गुरुशिष्यांच्या संवादात. रागासारखी निसटती गोष्ट त्यांनी प्रश्नोत्तरांत पकडली. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली. वाटी आणि चमचा ही मापे धरून तिने हजारो नवख्या हातांना स्वयंपाक शिकवला. क्रम चुकला तर पदार्थ बिघडतो, माप चुकले तर बिघडतो, आणि वाचणारी समोर नसताना तिची चूक आधीच ओळखावी लागते. आज्ञावली शिकवणाऱ्या पुस्तकाच्या अडचणी याहून निराळ्या नाहीत. 'रुचिरा'चे गद्य या दृष्टीने किती मराठी विभागांत अभ्यासले गेले? आम्ही आमच्यापुरते उत्तर देतो: आम्ही कधीच अभ्यासले नाही.

चूक झाली ती बहुधा येथे. करायला शिकवणारे गद्य आपण 'साहित्य' या शब्दाच्या बाहेर ठेवले. विज्ञानाविषयी आपल्याला प्रेम नाही असे नव्हे. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२१ च्या डिसेंबरात नाशिकलाच भरले आणि त्याचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होते. तो निर्णय योग्यच होता. अच्युत गोडबोले यांच्या पुस्तकांना मराठी वाचकाने भरभरून दाद दिली. पण विज्ञानकथा विज्ञानाची गोडी लावते, परिचयग्रंथ विज्ञानाची ओळख करून देतो. हाताला काम शिकवणारा तिसरा प्रकार यांहून वेगळा आहे, आणि त्याची जागा रिकामी आहे. नवे शतक सुरू होताना एमएस-सीआयटी आला आणि लाखो लोकांच्या हाती माउस आला. तो उपकार मोठा होता. पण तो संगणक वापरण्याचा अभ्यासक्रम होता. वापरणारा मराठीत आणि घडवणारा इंग्रजीत, ही विभागणी त्यानंतर आपल्या अंगवळणी पडली.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा, आणि त्यात तथ्य आहे: ही पुस्तके दोन वर्षांत जुनी होतात. खरेच आहे. अँड्रॉइडसाठी एके काळी एक्लिप्स वापरत. २०१३ साली अँड्रॉइड स्टुडिओ आला. भाषा जावा होती; २०१७ साली कोटलिनला मान्यता मिळाली आणि २०१९ पासून तिलाच अग्रक्रम मिळाला. पडदा रचण्याची जुनी पद्धत असतानाच २०२१ साली कंपोज ही नवी रीत स्थिर झाली. आमच्या विद्यार्थ्याचे जुने पुस्तकही निम्मे कालबाह्य होते. पण कोणते निम्मे? 'अमुक मेनू उघडा, तमुक बटण दाबा' हे. चल, अट, आवर्तन, पूर्णांकाचा भागाकार, कारभारी बदलताना बांधायचे गाठोडे, हे जसेच्या तसे होते. कर्निगन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक १९७८ सालचे. ते आजही वाचतात ते त्यातल्या बटणांसाठी नव्हे. पुस्तकाचे दोन थर असतात. बोटांचा थर दर वर्षी बदला, हवे तर त्याची वेगळी पातळ पुस्तिका काढा. बुद्धीचा थर नीट मराठीत एकदा लिहून ठेवायला कोणी अडवले आहे?

चौथा आक्षेप सर्वांत नवा. आता यंत्रच आज्ञावली लिहून देते, मराठीत विचारले तर मराठीत उत्तरही देते. मग पुस्तक कशाला आणि शिकायचे कशाला? आम्ही या यंत्राला नाके मुरडणार नाही. आम्हीही त्याला विचारून पाहिले आहे. पण समजा, त्या यंत्राने हिशेबपट्टी लिहून दिली आणि तिच्यात १८४० ला १०० ने पूर्णांकी भागले. पडदा सुबक असेल, बटण चालेल, आकडा येईल. चाळीस किलो गेले हे कोण पाहील? ज्याला वाचता येते तो. लिहिण्याचे श्रम यंत्राने उचलले तर माणसाकडे वाचन उरते: संशयाने, सावकाश, गाळलेले काय हे शोधत केलेले वाचन. आणि आम्ही मराठीचे शिक्षक वर्गात दुसरे काय शिकवतो? शिवाय हे यंत्र मराठी शिकते ते आपण लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. समजावून सांगणारे गद्य आपण लिहिलेच नाही, तर ते इंग्रजी वाक्याला मराठी प्रत्यय लावून परत देईल, आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नसेल.

इंग्रजी सोडा असे आम्ही कोणालाही सांगत नाही. या विद्यार्थ्याला उद्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात वा पुण्याच्या कंपनीत काम मिळाले, तर तेथे इंग्रजी लागेल. ती त्याने शिकावीच. आमचे म्हणणे उंबरठ्यापुरते आहे. पहिली पायरी आणि परकी भाषा अशी दोन ओझी एकदम उचलायला लावून जे मागे राहतात त्यांना आपण 'डोके नाही' म्हणतो, हे अन्यायाचे आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्याची परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. पण इंग्रजी पुस्तकांच्या भाषांतराने हे काम भागणार नाही. त्या रेघ मारलेल्या वाक्याचे आम्ही आधी भाषांतरच केले होते. त्याने काय साधले ते वर सांगितले आहे.

तेव्हा मागणी अशी. मुक्त विद्यापीठ नाशिकात आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद, आणि शिक्षक समोर नसताना शिकवणाऱ्या पुस्तकाचा विचार त्याने १९८९ पासून केलेला आहे. महाविद्यालये आहेत, त्यांत मराठी विभाग आहेत, संगणक विभाग आहेत, बहुधा एकाच जिन्याने वरखाली. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधिकेऐवजी एक पर्याय द्यावा: संगणक विभागातल्या जोडीदाराबरोबर नवशिक्यांसाठी एकच प्रकरण लिहायचे. ते दहा मुलांपुढे ठेवायचे, स्वतः गप्प बसायचे, कोण कोठल्या ओळीवर थांबले ते टिपायचे, आणि प्रकरण पुन्हा लिहायचे. परीक्षकाने ते गद्य म्हणून तपासावे, कादंबरीवरचा निबंध तपासतात तितक्याच कसोशीने. दहा विभागांनी हे केले तर दोन वर्षांत पुस्तक होईल. त्यासाठी अनुदान लागत नाही, समिती लागत नाही, आणि संमेलनाचा ठराव तर मुळीच लागत नाही.

आम्ही सुरुवात केली आहे. हिशेबपट्टीचे प्रकरण तिसऱ्यांदा लिहून झाले. पहिल्या खर्ड्यात आठपैकी सहा मुले दुसऱ्याच परिच्छेदात अडकली, आणि चूक परिच्छेदाची होती. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचा मजकूर भाषेनुसार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येतो. मराठीसाठी 'एमआर' या खुणेचा कप्पा करण्याची सोय आधीपासून आहे. विद्यार्थ्याने तो कप्पा केला आणि त्यात पहिले शब्द भरले: वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती येणारी रक्कम. सध्या तो पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणावर आहे. काल त्याने आणखी एका वाक्याखाली रेघ मारून आणली. ते आम्हांला अद्याप कळलेले नाही.